कोर्स मारलाय? मग रक्त असं तपासा

शहापूर-वडगावच्या गल्ल्यांपासून निपाणी-खानापूरपर्यंत 'कोर्स मारला', म्हणजे अंग वाढवायला टेस्टोस्टेरॉनसारख्या स्टेरॉइडच्या सुया-गोळ्या घेतल्या, हे आता जिममध्ये कोणी दबक्या आवाजात सांगत नाही. दबक्या आवाजात येतं ते नंतरचं: जिना चढताना धाप लागते, स्तनाग्राखाली गाठ आली आहे, लग्नाला दोन वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही. यातलं बरंच काही आरशाआधी रिपोर्टमध्ये दिसतं, पण रक्त नीट दिलं तरच. इथे तेवढंच सांगितलं आहे. कोर्स कसा मारायचा, ते नाही.

लॅबला जाण्याआधी

किमान आठवडाभर वजन उचलू नका. एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइमं लिव्हरबरोबर स्नायूंतही असतात. काल पायांचा व्यायाम मारून आज रक्त दिलं तर दोन्ही आकडे चढलेले दिसतात आणि लिव्हर गेलं म्हणून घरात रडारड होते. उलटंही घडतं: लिव्हर खरंच बिघडलेलं असतं आणि कोच म्हणतो, "अरे, व्यायामामुळे असतं ते." हा वाद जीजीटी आणि बिलिरुबिन या लिव्हरच्याच आणखी दोन तपासण्या बऱ्याच अंशी मिटवतात, कारण व्यायामाने जीजीटी वाढत नाही. सोबत सीपीके, म्हणजे स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी, करा. सीपीके खूप वर आणि जीजीटी जागेवर असेल तर बहुधा स्नायूंचा प्रकार आहे. जीजीटी आणि बिलिरुबिन चढलेले असतील तर लिव्हरचा.

किडनीसाठी बघतात त्या क्रिएटिनिनचंही तसंच. अंगावर मांस जास्त असेल, क्रिएटिन पावडर चालू असेल, तर किडनी ठणठणीत असूनही आकडा थोडा वर येतो. अशा वेळी डॉक्टरांना सिस्टॅटिन सी या किडनीच्या दुसऱ्या रक्ततपासणीबद्दल विचारा, त्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. लघवीत प्रोटीन जातंय का तेही बघा. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, ती हार्मोनचे आकडे चुकवते.

टेस्टोस्टेरॉन सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं. ओळखीच्या लॅबमध्ये लाज वाटते म्हणून निपाणीचा माणूस कोल्हापूर गाठतो, खानापूरचा बेळगाव. खुशाल जा, पण पहिली बस धरा, दुपारी बाराला दिलेलं रक्त या कामाचं नाही. शेवटची सुई कधी आणि कशाची घेतली, ते कागदावर लिहून न्या.

रिपोर्ट वाचताना

पहिली नजर हिमॅटोक्रिटवर, म्हणजे पीसीव्हीवर: रक्तात लाल पेशींचा वाटा किती, ते. पुरुषांत तो साधारण 40 ते 50 टक्के असतो. टेस्टोस्टेरॉनमुळे लाल पेशी वाढतात आणि रक्त दाट होतं. 54च्या वर गेला तर रीतसर टेस्टोस्टेरॉन देणारे डॉक्टरसुद्धा औषध थांबवतात. रक्तदान करून आकडा तात्पुरता उतरतो, कारण जागेवरच राहतं.

दुसरी नजर एचडीएलवर, चांगल्या कोलेस्टेरॉलवर. पुरुषांत 40च्या खाली गेला तर तो कमी समजतात. स्टॅनोझोलॉल, डायनाबोलसारख्या स्टेरॉइडच्या तोंडी गोळ्या काही आठवड्यांत तो 20च्याही खाली नेऊ शकतात, त्याच वेळी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वर चढतं. याचा त्रास अंगाला काहीच जाणवत नाही, म्हणून याकडे कोणी बघत नाही. या गोळ्या लिव्हरमध्ये लवकर मोडू नयेत अशाच बनवलेल्या असतात आणि लिव्हरला त्रास होतो तो त्यामुळेच. अंगाला खाज, गडद लघवी, पिवळे डोळे, यातलं एक जरी दिसलं तरी गोळी त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे.

तिसरी जोडी टेस्टोस्टेरॉन आणि एलएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन. बाहेरून टेस्टोस्टेरॉन येतंय म्हटल्यावर मेंदू एलएच सोडणं बंद करतो आणि वृषणं काम थांबवून आक्रसतात. कोर्स बंद केल्यावर दोन्ही कमी असतील तर मेंदू अजून जागा झालेला नाही. एलएच वर आणि टेस्टोस्टेरॉन खाली असेल तर वृषणंच थकली आहेत. गाडी रुळावर यायला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. मूल हवं असेल तर वीर्यतपासणी करा. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे कोर्स सोडून पंधरा दिवसांनी केलेल्या रिपोर्टवर घरात भांडण काढू नका.

घरी बघायच्या दोन गोष्टी

बीपी मोजताना दंडाचा घेर आधी टेपने मोजा. नेहमीचा पट्टा साधारण 32 सेंटीमीटरपर्यंतच्या दंडाला चालतो. 40च्या दंडाला तोच करकचून बांधला तर बीपी खोटंच जास्त येतं. मोठा पट्टा मागून घ्या, पाच मिनिटं शांत बसा, मग मोजा. तरीही वारंवार 140/90 किंवा वर येत असेल तर ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) दोन्ही करा. स्टेरॉइडने हृदयाची भिंतही जाड होते, आणि ते फुगणं दाखवायला कुठला बॉडीबिल्डिंगचा शो नसतो.

गाठीसाठी उताणे झोपा. अंगठा आणि तर्जनी स्तनाग्राच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू जवळ आणा. चरबी असेल तर बोटं अडत नाहीत. स्तनाग्राच्या बरोबर खाली बटणासारखी चिवट, दुखरी चकती लागली तर ती ग्रंथी आहे. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन होतो, त्यामुळे ती वाढते. सुरुवातीच्या महिन्यांत औषधाने उतरू शकते, एकदा कडक झाली की ऑपरेशनच.

स्टेरॉइड नसलेली, पण जास्त घातक

मेफेंटरमाइन हे भूल दिल्यावर खाली गेलेलं बीपी वर आणायचं इंजेक्शन. जिममध्ये ते 'दम वाढतो' म्हणून शिरेत घेतात. याने स्नायू बनत नाही. हे अँफेटामाइनच्या भावकीतलं औषध: झोप उडते, छाती धडधडते, संशय आणि भास सुरू होतात, आणि व्यसन लागतं. भरतीच्या धावण्यासाठी पोरं याच्या नादी लागतात. त्याच वयात स्टेरॉइड घेतलं तर हाडांची वाढणारी टोकं लवकर बंद होऊन उंची थांबते. भरतीत छातीबरोबर उंचीही मोजतात.

इन्सुलिन घेऊन जेवण लांबलं तर थरथर, घाम, बडबड आणि मग बेशुद्धी. शुद्धीत असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, 108 लावा. डीएनपी नावाची पिवळी पावडर चरबी जाळते म्हणून विकतात. तिच्यावर उतारा नाही, ताप चढत जातो आणि माणूस जातो. शोआधी अंगातलं पाणी उतरवायला घेतात त्या लॅसिक्सने, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाने, पोटॅशियम घसरतं. पेटके येऊन हृदयाचे ठोके चुकतात, कधी थेट स्टेजमागे.

सुई एकमेकांची वापरली असेल, एकदा जरी, तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासा. पहिली तपासणी स्वच्छ आली तरी तीन महिन्यांनी परत करा. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर 0, 1 आणि 6 महिन्यांना तीन डोस घ्या.

बंद केल्यावर

काही आठवडे मन खचतं, इच्छा मरते, आरशातलं शरीर दर आठवड्याला बारीक वाटतं. बहुतेक जण दुसरा कोर्स याच दिवसांत सुरू करतात. हार्मोन जागं करायच्या गोळ्या मित्राच्या चिठ्ठीवर घेऊ नका, त्यासाठी एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा डॉक्टर, असतो. जगणं नकोसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे. घरच्यांनी त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नये.

डॉक्टरांकडे जाताना रिकामी बाटली, पाकीट, सिरिंजचं वेष्टन, जे असेल ते पिशवीत न्या. लेबलवर लिहिलेलं आत असेलच असं नाही, पण सुरुवात तिथूनच होते. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला मेफेंटरमाइनचं आधी सांगा, आई-बाबा खोलीबाहेर गेल्यावर सांगितलं तरी चालेल.