दमट दिवसांतला ग्रो टेंट: दिव्याचा खरा वॅट पाहा, मग पंखा घ्या

पावसाळी हवा सुरू झाली की घरातल्या छोट्या ग्रो टेंटमध्ये, म्हणजे दिव्याखाली रोपे वाढवायच्या बंद कापडी तंबूत, दोन तक्रारी हमखास येतात. सकाळी चेन उघडली की कापडाला आतून दव धरलेले असते आणि कोवळी रोपे बुडाशी सडून आडवी पडलेली असतात. बुरशीनाशक हातात घेण्याआधी दिवा आणि पंखा एकमेकांना साजेसे आहेत का, ते तपासा.

सुरुवात दिव्यापासून. एलईडीच्या खोक्यावर ठळक छापलेला ‘१००० वॅट’ हा आकडा बहुतेकदा जुन्या दिव्यांशी केलेल्या तुलनेचा असतो. प्रत्यक्षात किती वीज खेचली जाते, हे मागच्या लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेले असते. विकत घेताना तेच वाचा. ६० बाय ६० सेंमी टेंटमध्ये पालेभाज्या आणि रोपांसाठी चांगल्या प्रतीचा ५० ते ६० वॅटचा एलईडी पुरतो. टोमॅटो-मिरचीला १०० वॅटच्या आसपास लागतात. रंग पांढराच घ्या. जांभळ्या उजेडात पानावरचा पिवळेपणा किंवा डाग ओळखूच येत नाहीत, मग रोग पसरल्यावर कळतो. सोडियम व्हेपर दिवे एवढ्याशा जागेत नकोतच. त्यांची काच इतकी तापते की पान किंवा कापड टेकले तर करपते.

एलईडी थंड असतो, हा गैरसमज मात्र सोडा. दिव्याने खाल्लेला जवळपास प्रत्येक वॅट शेवटी टेंटमध्ये उष्णता होऊनच उरतो. पंख्याचा हिशेब त्यावरूनच करायचा: १०० वॅटचा दिवा असेल आणि आतले तापमान खोलीपेक्षा ३ अंशांहून जास्त वाढू द्यायचे नसेल, तर तासाला साधारण १०० घनमीटर हवा बाहेर जायला हवी. दिवा ५० वॅटचा असेल तर याच्या निम्मी. वास शोषणारा कार्बन फिल्टर आणि डक्टची (हवा बाहेर नेणाऱ्या नळीची) वळणे पंख्याचा जोर खातात, म्हणून एक माप मोठा पंखा घेऊन कमी वेगावर चालवा. आवाजही कमी होतो.

एक्झॉस्ट (हवा बाहेर फेकणारा पंखा) वर, हवा आत येण्याची खिडकी खाली. पंखा चालू असताना टेंटच्या बाजू किंचित आत ओढलेल्या दिसल्या की काम बरोबर चालले आहे. खूपच आत खेचल्या गेल्या तर खालची खिडकी आणखी उघडा. डक्टचे तोंड खोलीबाहेर काढा, नाहीतर तीच ओली हवा फिरून परत आत येते. शिवाय आत एक लहान पंखा हवा; पाने नुसती हलली पाहिजेत, झोडपली जाऊ नयेत. हवा साचली की लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा जळतात. अशा पानांपर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही, मग खत वाढवून फारसा उपयोग होत नाही.

खरी गडबड रात्री होते. दिवा बंद करताना आत २६ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तापमान २० अंशांवर येताच पानांवर दव धरते. बरेच जण टायमरवर दिव्याबरोबर पंखाही बंद करतात. तसे करू नका. पंखा रात्रभर मंद चालू द्या. संध्याकाळी पाणी घालणेही टाळा. बाहेरची हवाच ओलीचिंब असेल तर पंख्याने फार फरक पडणार नाही, तेव्हा खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारे यंत्र) लावा.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. दिव्याचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा डबा) शक्यतो टेंटबाहेर टांगा आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीवर लावा. वायर प्लगकडे जाताना मध्ये खाली झोल द्या, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता तिथेच गळेल. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. नवा दिवा दोन-तीन तास चालल्यावर प्लगला बाहेरून हात लावून पाहा. गरम लागला तर तो सॉकेट वापरू नका.

कार्बन डायऑक्साइड वाढवण्यासाठी टेंटमध्ये गॅसचा बर्नर लावणे सरळसरळ जिवाशी खेळ आहे. आणि एक्झॉस्ट चालू असताना तो वायू तसाही बाहेरच जातो.