ओल्या-गारठ्याच्या मुलखासाठी बोल्ट-ॲक्शन रायफल घेताना या चुका टाळा

अलास्कात पहिली शिकारी रायफल घेणारा माणूस दुकानात शिरल्या शिरल्या बहुधा स्टेनलेस मागतो. चंदेरी नळी, काळा प्लॅस्टिकचा दस्ता, पैसे मोजले की हवामानाची काळजी मिटली. पण हवेमुळे दगा देणाऱ्या रायफलींत दोष नळीचा क्वचितच असतो. बिघडतं ते आतलं: बोल्टच्या (प्रत्येक बारानंतर हातानं मागेपुढे ओढायच्या दांड्याच्या) पोटातली, काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग, चापाची यंत्रणा, दस्ता आणि ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला धातूचा भाग) यांचा सांधा, स्कोपचे म्हणजे नेमाच्या दुर्बिणीचे बारीक स्क्रू. म्हणून निवडताना मी पहिला प्रश्न वेगळा विचारतो. चिंब भिजली, तर ही रायफल तंबूत बसून, अवजाराशिवाय, गारठलेल्या बोटांनी उघडून पुसता येईल का?

हवा कुठली ते न ठरवता खरेदी करणं

अलास्काच्या कोडियाक बेटावर वर्षाला साधारण 2,000 मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत याहून जास्त पडतो, पण तिथला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि ऑक्टोबरात अंगणं वाळतात. कोडियाकला वाळायला ऋतूच नाही, आणि छोट्या होडीतून किनारा गाठायचा तर अंगावर खारे तुषार ठरलेले. उलट अलास्काच्याच आतल्या भागात, फेअरबँक्सच्या बाजूला भर हिवाळ्यात पारा उणे 40पर्यंत उतरतो, पण हवा कोरडी असते. पहिल्या ठिकाणी गंज आणि फुगलेलं लाकूड छळतं, दुसऱ्या ठिकाणी तेल. सगळ्यात वाईट हवा शून्याच्या आसपासची. दिवसा रायफलीत पाणी शिरतं आणि रात्री त्याचा बर्फ होतो. हरणांची आणि मूसची (हरणाच्या कुळातल्या थोराड प्राण्याची) बरीचशी शिकार शरद ऋतूतच होते, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला हीच हवा येते. तेव्हा आधी पाण्याचा विचार करा, मग थंडीचा.

स्टेनलेस म्हणजे गंज नाही, हा समज

स्टेनलेस नळ्या बहुधा 416 जातीच्या पोलादाच्या असतात. कापायला सोपं जावं म्हणून त्यात गंधक मिसळलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या 304 पोलादाइतकं ते गंजाला दाद न देणारं नसतं. खाऱ्या पाण्यात एक रात्र गेली की त्यावरही तांबूस ठिपके येतात. शिवाय नळी स्टेनलेस असली तरी मॅगझिनची (काडतुसांच्या कप्प्याची) स्प्रिंग, चापातले भाग, स्कोप ज्यावर बसतो त्या बेसचे स्क्रू बऱ्याचदा साध्या पोलादाचेच असतात. दुकानदाराला नेमकं हेच विचारा. साधी ब्लूइंग केलेली, म्हणजे पोलादाला निळसर-काळा थर दिलेली रायफल रोज पुसणाऱ्याकडे वर्षानुवर्षं टिकते आणि स्टेनलेसवाला बेफिकीर राहून आपली खराब करतो. खारं पाणी लागलंच तर रायफल रिकामी करून आधी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं मीठ काढा, कोरडी करा, मग तेलाचा हलका हात फिरवा. नुसतं वरून तेल चोपडलं तर मीठ खाली तसंच राहतं. डब्ल्यूडी-40 पाणी हाकलायला चांगलं, पण वंगण म्हणून त्यावर विसंबू नका.

दस्त्याकडे दुर्लक्ष

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण ती दुकानात दिसत नाही. अक्रोडाचं लाकूड ओल शोषतं, फुगतं, वाकतं आणि नळीला एका बाजूनं दाबू लागतं. मग घरी अचूक बसवलेला नेम आठवड्याभरात सरकतो. पण प्लॅस्टिक म्हटलं की सुटलो, असंही नाही. स्वस्त साच्यातले पोकळ दस्ते पुढच्या भागात इतके लवचीक असतात की पट्टा ताणून किंवा झाडाला टेकवून नेम धरला की दस्ता नळीला चिकटतो. दुकानातच कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून ॲक्शनपर्यंत सरकवून बघा. मग दस्ता मुठीत आवळून पुन्हा सरकवा. अडकली तर ती रायफल सोडा.

फायबरग्लासचा दस्ता सगळ्यात निवांत, आणि किमतीलाही तसाच. पातळ फळ्या चिकटवून केलेला लॅमिनेटेड दस्ता हा मधला मार्ग. पण तोही पूर्ण निर्धास्त नाही. कॅनडाच्या उत्तरेत गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सना 1947पासून वापरात असलेल्या ली-एनफील्डच्या जागी सी19 रायफल मिळाली. टिक्का टी3एक्सवर बेतलेली, स्टेनलेस नळीची, लाल लॅमिनेटेड दस्त्याची. तिच्या दस्त्याचा रंग ओलीत सुटतो, दस्त्याला भेगा जातात, अशा तक्रारी आल्या. म्हणजे खास आर्क्टिकसाठी निवडलेल्या रायफलीतही दुखणं दस्त्यातूनच निघालं. लाकडी दस्ता ठेवायचाच असेल तर ॲक्शनचं बेडिंग (दस्त्यातली घट्ट, नेमकी बैठक) इपॉक्सीनं करून घ्या, आणि आतली खोबण व मागच्या रबरी पॅडखालचं उघडं लाकूडही सील करा. बाहेरून चकचकीत पॉलिश आणि आतून कोरं लाकूड ही कारखान्यांची जुनी सवय आहे.

बोल्टची परीक्षा न घेणं

ग्रीनलंडच्या ईशान्येला कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून फिरणारी डेन्मार्कची सिरियस गस्त कित्येक दशकं एम1917 एनफील्ड बाळगत आली. पहिल्या महायुद्धाच्या काळातली, .30-06 काडतुसाची, जड, जुनाट दिसणारी रायफल. पण मोठे भाग, मोकळे सांधे आणि माउझरसारखा रुंद पंजाचा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस धरून बाहेर ओढणारा भाग), त्यामुळे बर्फातही ती चालते. 1898चं माउझर, 1964पूर्वीचं विंचेस्टर मॉडेल 70 आणि त्याचे आजचे अवतार, रुगर हॉकआय ही याच वंशातली. यांत काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच पंजा त्याला धरतो. रेमिंग्टन 700, टिक्का यांत तो शेवटी धरतो. या फरकावर लोक तासन्‌तास भांडतात. हरणासाठी मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तपकिरी अस्वलाच्या मुलखात, घाईत आणि वाकड्यातिकड्या हातानं बोल्ट ओढावा लागेल तिथे मात्र पंजाकडे माझा कल असतो.

खरा फरक उघडण्यात आहे. माउझर, मॉडेल 70 आणि टिक्का यांचा बोल्ट हातानं सुटा होतो. रुगरला एखादी टाचणी लागते. रेमिंग्टन 700ला अवजार लागतं, जाणकार नाण्यावर किंवा बुटाच्या नाडीवर भागवतात. चापाचंही तसंच. डबीबंद यंत्रणेत पाणी शिरलं की बाहेर यायला वाट नसते आणि ते तिथेच गोठतं. मॉडेल 70चा जुन्या धाटणीचा उघडा चाप दिसायला ओबडधोबड, पण झटकला की पाणी पडतं. जाड हातमोजा घालून चापाच्या कड्यात बोट शिरतं का, सेफ्टी ढकलता येते का, हे दुकानातच हातमोजा चढवून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

'खट' झालं, बार उडाला नाही

आधी सुरक्षितता: नळी सुरक्षित दिशेला तशीच धरा, निदान अर्धा मिनिट थांबा, मगच काडतूस काढा. प्रायमरवरचा (काडतुसाच्या बुडाशी पिन आदळते त्या टोपीवरचा) खड्डा उथळ असेल तर गारठ्यात बहुधा दोषी असतं बोल्टमधलं घट्ट झालेलं तेल. पिन त्यातून रांगत जाते. कडक थंडीत जाण्यापूर्वी बोल्ट उघडून आतलं सगळं वंगण धुऊन काढा आणि कोरडं ग्राफाइट किंवा अगदी पातळ तेलाचा लेशमात्र थर ठेवा. नवी रायफल कारखान्यातून जाड तेलात माखून येते, आणि लोक ती तशीच घेऊन डोंगरात जातात.

नेम सरकला की लगेच स्कोपचे आकडे फिरवू नका. आधी बेस आणि रिंगांचे स्क्रू, मग ॲक्शनचे स्क्रू, मग कागदाची पट्टी, शेवटी काडतुसं, या क्रमानं बघा. थंडीत बंदुकीची दारू थोडी मंद जळते आणि लांब पल्ल्यावर गोळी खाली पडते, हे खरं. पण शंभर यार्डांवर वीतभर चूक होत असेल तर ती दारूची नव्हे, सैल स्क्रूची.

स्कोप धुरकटला तर बाहेरून की आतून ते बघा. बाहेरचा धूर श्वासाचा असतो, पुसला की जातो. आतला जात नाही, म्हणजे सील गेलं आणि आत भरलेला नायट्रोजन निसटला. यासाठीच मला लोखंडी साइट (स्कोपशिवाय नेम धरायची खूण) असलेली रायफल आणि स्कोप धरणाऱ्या, झटपट निघणाऱ्या रिंगा आवडतात.

बाहेरून आणलेली गार रायफल ऊबदार खोलीत नेली की तिच्यावर, आत-बाहेर, दव धरतं. सकाळी बाहेर नेली की त्याचं बर्फ. थंडीत ती रिकामी करून, कुलपात, बाहेरच्या गारठ्यातच राहू द्या. आत आणलीच तर पूर्ण सुटी करून वाळवा.

नळीच्या तोंडावर विजेच्या कामातली चिकटपट्टी लावा. गोळीच्या पुढची हवाच ती उडवते, नेमावर परिणाम होत नाही. याउलट नळीत अडकलेल्या बर्फाच्या किंवा चिखलाच्या बोळ्यानं नळी फुटू शकते.

कागदपत्रं

भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच आहे, म्हणून आपल्यातले बरेचजण परदेशातच पहिल्यांदा रायफल हातात घेतात. अमेरिकेत एच-1बीसारख्या व्हिसावर बंदूक बाळगायला सर्वसाधारण मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर अपवाद मिळतो. अलास्कात परदेशी नागरिकाला कुठल्याही मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी परवानाधारक गाइड लागतो. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असून तुम्ही दुसऱ्या राज्यात राहत असाल, तर तपकिरी अस्वल, डॉल मेंढी आणि पहाडी बकरीसाठी गाइड किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतो. कॅनडात आधी सुरक्षा अभ्यासक्रम, मग परवाना.

विमानात रायफल रिकामी, टणक कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानातच जाते आणि काडतुसांना बहुतेक कंपन्या 5 किलोची मर्यादा लावतात. त्या 5 किलोंतली काही काडतुसं उतरल्यावर नेम तपासण्यासाठी बाजूला काढून ठेवा, कारण सामान उतरवताना पेटी आपटलेली असते.