एलएलएमचा खर्च कसा उभा करायचा: नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि फेलोशिपचं मार्गदर्शन

एलएलएमसाठी, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीसाठी, परदेशी जायचं ठरवणारी मुलं प्रवेशाच्या तयारीला भरपूर वेळ देतात आणि पैशाचा विचार ऑफर लेटर हातात पडल्यावर सुरू करतात. तोवर बऱ्याच फेलोशिपची मुदत उलटून गेलेली असते. मदत देणारे कमी नाहीत. पण त्यांच्या तारखा प्रवेशाच्या तारखांच्या आधी येतात, आणि एकाच ठिकाणाहून सगळा खर्च क्वचितच निघतो. म्हणून पैशाचं काम आधी हाती घ्या, आणि तो चार ठिकाणांहून जोडायचा आहे हे धरूनच चाला.

यात कमीपणा वाटण्यासारखं काहीच नाही. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेली पहिली स्त्री, कॉर्नेलिया सोराबजी, १८६६ मध्ये आपल्या नाशिकलाच जन्मली. परीक्षेत पहिली येऊनही केवळ स्त्री म्हणून तिला इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. तेव्हा इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला पोहोचली. डॉ. आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले उसने पैसे एकत्र करून.

पायरी १: मदत कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

पूर्ण फेलोशिपमध्ये फी, राहण्या-जेवणाचा भत्ता, विमानभाडं आणि बहुधा व्हिसाचा खर्च मिळतो. फीसवलतीत फक्त फी कमी होते, हातात रुपयाही येत नाही. गरजेवर आधारित मदत कुटुंबाची आर्थिक स्थिती पाहून ठरते, तर गुणवत्तेवरची मदत मार्क, अनुभव आणि शिफारसपत्रं पाहून.

पाचवा प्रकार नीट समजून घ्या, कारण नावामुळे तिथे गैरसमज होतो. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून विद्यार्थ्यांना परदेशी पाठवत आलं आहे, पण तिथे मिळते ती कर्ज-शिष्यवृत्ती, म्हणजे परत फेडायची रक्कम. के. सी. महिंद्रा आणि नरोत्तम सेखसरिया यांची मदत बिनव्याजी कर्जाच्या रूपात असते. बँकेपेक्षा हे कितीतरी बरं, जरूर अर्ज करा. मात्र घरच्या हिशेबात ही रक्कम कर्जाच्या रकान्यात लिहा.

पायरी २: सरकारी योजनांत आपण कुठे बसतो ते पाहा

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ जागा, काम पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालतं. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये १२५ जागा आहेत: ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त-भटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये, वय ३५ च्या आत. या केंद्रीय योजनेत एक मेख आहे. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय २०२२ पासून वगळले आहेत. जात आणि कायदा अशा विषयावर काम करायचं असेल तर अर्जातली मांडणी करण्याआधी नियमावली शब्दन् शब्द वाचा.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या वेगळ्या २० जागा आहेत, आणि राज्याची स्वतंत्र योजनाही आहे. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. सुरगाणा-पेठ-कळवणच्या मुलांनी फोनवर विसंबून न राहता प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी. ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, तर मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची परदेश शिष्यवृत्ती आहे. जागा, विद्यापीठाच्या रँकिंगची अट आणि तारखा दरवर्षी जाहिरातीत येतात. मागच्या वर्षीची जाहिरात सरावासाठी वाचा, भरवसा मात्र चालू वर्षीच्या जाहिरातीवरच ठेवा. जुन्या याद्यांत अल्पसंख्याकांसाठीची पढो परदेश ही व्याज-अनुदान योजना अजून दिसते; ती २०२२-२३ पासून बंद झाली आहे.

पायरी ३: दाखले आत्ताच काढायला घ्या

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर. हे सगळं मिळतंच, पण वैधता समितीकडे एखादी त्रुटी निघाली की महिने जातात. पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र आणि वडिलांचं आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवा आणि नावांचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर लावून तपासा. एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, एवढ्याशा फरकावर अर्ज परत येतात. फरक असेल तर दुरुस्ती करा किंवा प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

पायरी ४: फेलोशिपच्या अर्जाला अनुभवाचा पुरावा जोडा

ब्रिटनच्या एक वर्षाच्या एलएलएमसाठी शेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती मोठी संधी. अर्ज ऑगस्टमध्ये खुले होतात आणि साधारण ऑक्टोबरपर्यंत बंद होतात, म्हणजे शिक्षण सुरू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी. किमान २ वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. आपल्याकडच्या ज्युनिअर वकिलाची अडचण इथेच होते. सनद घेऊन सिनिअरच्या हाताखाली तीन वर्षं काढलेली असतात, पण ना पगाराची स्लिप, ना नेमणुकीचं पत्र. सिनिअरना आजच विनंती करा: लेटरहेडवर रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे साधारण तास आणि कामाचं स्वरूप लिहून द्या. शिकाऊ काळातली नोंदवही असेल तर जपा.

अमेरिकेतल्या शिक्षणासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपला किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. त्या वर्षीच्या विषययादीत कायदा आहे ना ते आधी पाहा. ऱ्होड्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्डपुरती आहे. फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, लंडनचं सोआस आणि रेडिंग या विद्यापीठांतल्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे. गेट्स केंब्रिज शिष्यवृत्तीतून केंब्रिजचं एलएलएम करता येतं. इनलॅक्स शिष्यवृत्ती १ लाख डॉलरपर्यंत देते.

निबंधात मोठमोठी विशेषणं नकोत. "मला सामाजिक न्यायाची आवड आहे" हे वाक्य परीक्षकांनी हजारदा वाचलेलं असतं. त्र्यंबकेश्वर किंवा पेठ तालुक्यातल्या एखाद्या वनहक्क दाव्यावर तुम्ही काम केलं असेल तर तेच लिहा. २००६ च्या कायद्यात दावेदाराला कोणते पुरावे देता येतात, ग्रामसभेने ठराव केल्यावर उपविभागीय समितीत दावा कशावर अडला, तुम्ही कोणता कागद शोधून काढला, आणि हे करताना तुमचं कोणतं ज्ञान अपुरं पडलं. ते ज्ञान ज्या विद्यापीठात मिळतं तिथेच तुम्ही अर्ज करताय, हे वाचणाऱ्याला आपोआप पटतं.

पायरी ५: गरजेवर आधारित मदतीचा फॉर्म शेतकरी घराने कसा भरावा

हार्वर्ड, येलसारख्या अमेरिकी लॉ स्कूल एलएलएमच्या विद्यार्थ्यांना गरज पाहून मदत देतात. त्यांच्या फॉर्मची घडण मात्र पगारदार कुटुंबाची असते: वार्षिक उत्पन्न, भरलेला आयकर, बचत, स्थावर मालमत्ता. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराच्या मुलीने तो कसा भरायचा?

समजा घरी चार एकर बाग आहे. आयकर विवरणपत्र नाही, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त. एका वर्षी माल चांगला गेला, पुढच्या वर्षी गारपिटीत मणी फुटले. अशा वेळी एका वर्षाचा आकडा भरून मोकळं होऊ नका. तीन वर्षांचा वेगवेगळा हिशेब मांडा: व्यापाऱ्याच्या पट्ट्या, औषध-खत-मजुरीचा खर्च, आणि खाली उरलेली रक्कम. सोसायटीच्या पीककर्जाची थकबाकी कर्जाच्या रकान्यात दाखवा, सोसायटीचा दाखला जोडा. सातबारा, आठ-अ आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून लावा.

सगळ्यात अवघड रकाना जमिनीच्या किमतीचा. शहरालगतच्या जमिनीचा भाव कोटीत जातो, आणि तो आकडा नुसता लिहिला तर मदत ठरवणाऱ्या समितीला तुमचं घर श्रीमंत दिसतं. किंमत लपवायची नाही. खोटी माहिती दिली तर मिळालेली मदतच काय, प्रवेशही जातो. किंमत खरी लिहा आणि अर्ध्या पानाची टीप जोडा: ही जमीन कुटुंबाच्या उपजीविकेचं एकमेव साधन आहे, सातबाऱ्यावर आजोबा, काका, आत्या अशी सगळ्यांची नावं आहेत, त्यातला वडिलांचा हिस्सा इतका, आणि ती विकून शिक्षण करणं शक्य नाही. समितीवरच्या माणसांना निफाड माहीत नाही. समजावून सांगितलं तर त्यांना समजतं, आणि फॉर्ममध्ये जादा माहितीसाठी जागा असते ती याचसाठी.

पायरी ६: टक्के बघू नका, उरलेली रक्कम काढा

दोन काल्पनिक ऑफर घेऊ. पहिल्या विद्यापीठाची फी ३८,००० पौंड, मदत ५० टक्के. दुसऱ्याची फी २४,००० पौंड, मदत ६,००० पौंड, म्हणजे २५ टक्के. घरात पहिलीचे पेढे वाटले जातात. पण भरायचे उरतात पहिलीकडे १९,००० आणि दुसरीकडे १८,००० पौंड. त्यात पहिलं लंडनमध्ये असेल आणि खोलीचं भाडं महिन्याला ४०० पौंडांनी जास्त असेल, तर वर्षात आणखी ४,८०० पौंड. मग प्रवेश पक्का करायला विद्यापीठात भरायची ठेव, व्हिसा फी आणि आरोग्य अधिभार. ब्रिटनचा हा अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे, आणि बारा महिन्यांच्या कोर्सचा व्हिसा त्याहून लांब मिळत असल्याने तो दीड वर्षाचा, १,१६४ पौंड भरावा लागतो. शिवाय व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस पडून राहावी लागते. नातेवाइकांकडून आदल्या आठवड्यात आलेले पैसे चालत नाहीत.

पत्रात आणखी तीन गोष्टी शोधा. पैसे आधी मिळतात की खर्च केल्यावर? दुसरी शिष्यवृत्ती मिळाली तर ही कमी होते का? आणि ठेवीची रक्कम कोणत्या तारखेपर्यंत भरायची? सरकारी निवडयादी बऱ्याचदा त्या तारखेनंतर लागते. विद्यापीठाला वेळेत लिहून मुदतवाढ मागा. सरकारी निकालाची वाट पाहतोय असं स्पष्ट सांगितलं तर अनेक ठिकाणी ती मिळते.

मदत वाढवूनही मागता येते. मेल छोटी ठेवा: प्रवेशाबद्दल आभार, त्याच विद्यापीठाची निवड का करायची आहे याचं एक वाक्य, कुटुंबाचं उत्पन्न, आतापर्यंत जमलेली रक्कम, राहिलेली तफावत, दुसरीकडून ऑफर असेल तर तिचं पत्र, आणि शेवटी "मदतीचा पुनर्विचार होऊ शकेल का?" एवढा थेट प्रश्न. रडगाणं नको, घासाघीसही नको.

पायरी ७: कर्ज सगळ्यात शेवटी, आणि कमाईचा अंदाज घेऊन

साधारणपणे ७.५ लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. घर, फ्लॅट किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट लागतो. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून एकाहून जास्त बँकांकडे अर्ज करता येतो. हप्ते कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. जुनी करप्रणाली घेतली तर भरलेल्या व्याजावर आयकरात ८ वर्षं वजावट मिळते. १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, लागत नाही.

३० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, १० वर्षं: हप्ता येतो महिना ४१,३०० रुपयांच्या आसपास. परत येऊन नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करायची असेल तर पहिल्या काही वर्षांत हा हप्ता झेपणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा वेळी एक वर्ष थांबून, अनुभव वाढवून पुन्हा फेलोशिपला अर्ज करणं शहाणपणाचं. देशातली वाटही कमी प्रतीची नाही. क्लॅट पीजी देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठातलं एक वर्षाचं एलएलएम, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, आणि पुढे नेट-जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर पीएचडीला महिना ३७,००० रुपये.

पायरी ८: सही करण्याआधी अटी वाचा

बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाताना डॉ. आंबेडकरांनी संस्थानची नोकरी करण्याचा करार केला होता. आजच्याही पैशाला अटी असतात. शेव्हनिंगवाल्याला मायदेशी परतून २ वर्षं राहावं लागतं. सरकारी योजनांत हमीपत्र आणि जामीनदार लागतात, कोर्स मध्येच सोडला तर वसुली होते, परवानगीशिवाय विद्यापीठ बदलता येत नाही. जामीनदार होणाऱ्या काका-मामांना बंधपत्र वाचायला द्या, नुसती सही मागू नका.

निघण्यापूर्वी सगळ्या कागदांचे दोन संच करा आणि एक घरी ठेवा. शिष्यवृत्तीच्या पुढच्या हप्त्यासाठी प्रगती अहवाल, फीची पावती, बँकेचा तपशील मागणारे फोन तुमच्या भारतातल्या नंबरवर येतील, आणि तेव्हा तुम्ही लेक्चरला असाल. म्हणून घरातल्या एकाच्या नावे अधिकारपत्र करून द्या, त्यांचा नंबर अर्जात पर्यायी संपर्क म्हणून लिहा, आणि जाण्याआधी एकदा त्यांना त्या कार्यालयात सोबत नेऊन संबंधित टेबलावरच्या कर्मचाऱ्यांशी ओळख करून द्या.