वृत्तालेख वाचताना या चुका टाळा: पाकळीआधी ‘एकूण’ बघा

दहावीच्या सांख्यिकीत वृत्तालेखाचा, म्हणजे वर्तुळाच्या पाकळ्या पाडून वाटे दाखवणाऱ्या ‘पाय चार्ट’चा, प्रश्न आला की मुलं खूश होतात. सूत्र एकच, आकडेमोडही थोडी. तरी ठाण्यात शिकवण्या घेताना मला याच सोप्या प्रश्नात गुण गेलेले दिसतात. मोठी माणसंही सोसायटीच्या सभेत किंवा मोबाइलवर आलेला आलेख बघताना तिथेच फसतात. पाकळी डोळ्यांत भरते आणि ती कशाची पाकळी आहे, हे विचारायचं राहून जातं.

अंश म्हणजे टक्के नव्हेत

पूर्ण वर्तुळ 360 अंशांचं, म्हणून 1 टक्क्याला 3.6 अंश. 72 अंशांची पाकळी म्हणजे 20 टक्के. हे पाठ असतं, पण प्रश्न उलटा आला की घोटाळा होतो. समजा, क्रिकेट आवडणाऱ्यांची पाकळी 120 अंशांची, फुटबॉलची 90 अंशांची आणि क्रिकेटवाले 50 ने जास्त. एकूण विद्यार्थी किती? फरक 30 अंशांचा. बरीच मुलं तो 30 टक्के धरतात, उत्तर 166.67 येतं आणि तसंच लिहून मोकळी होतात. विद्यार्थी अपूर्णांकात कसे असतील, हा प्रश्न तिथेच पडायला हवा. 30 अंश हा वर्तुळाचा बारावा भाग. बारावा भाग 50, तर एकूण 600. ताळाही लगेच जमतो: क्रिकेट 200, फुटबॉल 150, फरक 50.

दोन वर्तुळं शेजारी ठेवून पाकळ्या मोजू नका

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा, घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या वार्षिक सभेत खजिनदारांनी दोन वर्षांच्या खर्चाचे वृत्तालेख दाखवले. सुरक्षारक्षकांची पाकळी गेल्या वर्षी 30 टक्के होती, यंदा 25. लगेच कुणीतरी म्हणणार, “वॉचमनचा खर्च कमी झाला, चांगलं केलंत.”

आता रुपये बघा. गेल्या वर्षीचा एकूण खर्च 40 लाख, त्याचे 30 टक्के म्हणजे 12 लाख. यंदा इमारतीचं बाहेरून रंगकाम काढल्याने एकूण खर्च 60 लाखांवर गेला. त्याचे 25 टक्के म्हणजे 15 लाख. पाकळी 108 अंशांवरून 90 अंशांवर आली, खर्च मात्र 3 लाखांनी वाढला. पुढच्या वर्षी रंगकाम नसेल तेव्हा हेच 15 लाख जास्त रुंद पाकळीत दिसतील आणि न वाढलेल्या खर्चावरून सभेत वाद होईल.

खजिनदारांना माझी विनंती आहे: प्रत्येक पाकळीवर टक्क्यांसोबत रुपये लिहा आणि वर्तुळाखाली एकूण रक्कम द्या. दोन वर्षांची तुलना करायची असेल तर स्तंभालेख काढा. 1801 साली विल्यम प्लेफेअरने वृत्तालेख काढला, तो तुर्की साम्राज्याचा किती भाग आशियात, युरोपात आणि आफ्रिकेत आहे हे दाखवायला. एकच पूर्ण गोष्ट आणि तिचे भाग, एवढंच काम हा आलेख चोख करतो.

‘एकूण’ची हद्द तपासा

2011 च्या जनगणनेवरून काढलेला ठाणे जिल्ह्याचा वृत्तालेख आजच्या जिल्ह्याला लागू होत नाही. तेव्हाच्या एक कोटी दहा लाखांहून अधिक लोकसंख्येत वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा हे तालुकेही होते. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ‘एकूण’च बदललं.

नवी मुंबईचंही तसंच. वाशी, नेरुळ, ऐरोली नवी मुंबई महापालिकेत येतात, पण बोलण्यात नवी मुंबईच म्हटलं जाणारं खारघर आणि कामोठे पनवेल महापालिकेत, तेही रायगड जिल्ह्यात. त्यामुळे ‘नवी मुंबईतले इतके टक्के’ असं वाचलं की आधी विचारायचं, खारघर धरलंय की नाही?

एकाच माणसाची दोन उत्तरं

200 जणांना विचारलं, कामावर कसे जाता? 124 जण लोकलने, 96 रिक्षाने, 70 बसने. बेरीज 290, कारण स्टेशनपर्यंत रिक्षा आणि पुढे लोकल असा प्रवास करणारे दोन्हींकडे मोजले गेले. हे आकडे संगणकात टाकले की तो मुकाट्याने वृत्तालेख काढून देतो आणि लोकलच्या पाकळीवर 43 टक्के छापतो. प्रत्यक्षात लोकलने जाणारे 62 टक्के आहेत. 43 टक्के हा 290 उत्तरांमधला वाटा आहे, 200 माणसांमधला नव्हे. एकाहून जास्त उत्तरं चालणार असतील तिथे वृत्तालेख काढूच नये. छापलेल्या टक्क्यांची बेरीज 99 किंवा 101 आली तर घाबरू नका, तो पूर्णांकात आकडे लिहिल्याचा फरक असतो. 94 किंवा 145 आली तर मात्र काहीतरी सुटलंय किंवा दुबार मोजलंय.

तिरक्या, जाड वर्तुळावर विसंबू नका

सादरीकरणात थ्रीडी वृत्तालेख फार दिसतात. वर्तुळ मागे कललेलं असतं, त्यामुळे पुढची पाकळी तिच्या कडेच्या जाडीसकट मोठी भासते आणि मागची दबते. कागदावर छापून कोनमापक लावून बघा. सपाट वर्तुळात 20 टक्क्यांची पाकळी 72 अंश भरते, तिरक्या वर्तुळात ती कुठे आहे त्यावर कोन बदलतो. अशा आलेखात फक्त छापलेले आकडे वाचायचे. आकडेच दिले नसतील, तर मूळ तक्ता मागून घ्या.