लहान होडीतून खाडीच्या मुखाशी मासेमारी : दांडा सुरक्षितपणे कसा ओलांडावा

कोकणात नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे तिच्या मुखाशी बहुधा वाळूचा एक दांडा पाण्याखाली आडवा पसरलेला असतो. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळला आणि मालवणच्या दक्षिणेस देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशीही तो आहे. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, पाण्याबरोबर खाडीतली कोलंबी आणि बारीक मासळी बाहेर वाहत येते आणि ती खाण्यासाठी रावस, तांबोशी, जिताडा असे मोठे मासे दांड्याच्या कडेला घुटमळत राहतात. वाळूलगत मुडदुशी मिळते. त्यामुळे गळ टाकणाऱ्याला या जागेचा मोह पडणे स्वाभाविक आहे; पण लहान होडी उलटण्याची जागाही नेमकी हीच आहे. अठरा-वीस फुटांची फायबरची होडी आणि दहाएक अश्वशक्तीचे आऊटबोर्ड इंजिन घेऊन जाणाऱ्यांसाठी हा लेख लिहीत आहे. मोठ्या ट्रॉलरचे नियम वेगळे असतात आणि त्यांच्या मागोमाग आपली होडी काढणे ही पहिली चूक ठरते.

आधी लाट का फुटते, ते समजून घ्यावे. लाटेची उंची तिच्याखालच्या पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीहून थोडी अधिक झाली की तिचा माथा पुढे कोसळतो. म्हणजे मीटरभर उंचीची लाट साधारण सव्वा मीटर खोल पाण्यात फुटते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटर असतो. मुंबईकडे तो याच्या जवळजवळ दुप्पट होतो. दांड्यावर भरतीला तीन मीटर पाणी असेल, तर ओहोटीला एकच मीटर उरते. सकाळी ज्या वाटेने आपण सहज बाहेर पडलो, त्याच वाटेवर दुपारी, समुद्र तितकाच शांत असतानाही, पांढऱ्या फेसाची भिंत उभी राहते ती यामुळे. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. सुकतीला खाडीचे पाणी जोराने बाहेर धावत असते आणि समुद्राची लाट त्याच्या उलट दिशेने आत येत असते; या झटापटीत लाटेची लांबी आखडते, उंची वाढते आणि तिची पुढची बाजू जवळजवळ उभी होते. म्हणून सुकतीच्या मधल्या दोन-तीन तासांत, पाण्याला सर्वाधिक ओढ असताना, लहान होडीने दांड्यावर जाऊच नये.

वेळ ठरवण्यासाठी आपल्याकडे तिथीचा जुना हिशोब आहे. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची वेळ मिळते; अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू करावी. हा हिशोब मुंबईच्या पाण्याशी बराच जुळतो, मात्र दक्षिणेकडे भरती लवकर येते आणि सिंधुदुर्गापर्यंत हा फरक तासाच्या आसपास जातो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. म्हणून तिथीवरून दिवस निवडावा आणि नेमकी वेळ जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्यावी.

माझ्या मते कर्लीसारख्या मुखासाठी त्रयोदशी आणि चतुर्दशीची सकाळ सर्वांत सोयीची असते. त्या दिवशी पूर्ण भरती साधारण नऊ-साडेनऊला येते. उजाडताना, साडेसहाच्या सुमारास निघाले, तर पाणी निम्म्याहून अधिक भरलेले असते आणि मतलई वारा अजून जमिनीकडून वाहत असल्याने समुद्र सपाट असतो. पुढचे दोन-अडीच तास मासेमारी करून भरती संपण्याच्या आत, वर चढत्या पाण्याबरोबर आत परतता येते. समुद्राकडून येणारा खारा वारा जोर धरतो तो त्यानंतर. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत दुपारचा वायव्येचा वारा विशेष त्रासदायक असतो. थोडक्यात, बाहेर जाणे आणि परत येणे ही दोन्ही कामे एकाच भरतीत उरकतील असा दिवस निवडावा. दशमीला भरती पहाटेच होऊन जाते आणि परतताना सुकती गाठते, म्हणून दशमीची सकाळ मी टाळतो.

हवामानाचा अंदाज निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी पाहावा. भारतीय हवामान विभाग मच्छीमारांसाठी इशारे देतो आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांची उंची, दिशा आणि कालावधी (एका लाटेनंतर दुसरी येईपर्यंतचा वेळ) यांचा अंदाज प्रसिद्ध करते. वाचक बहुधा उंचीचा आकडा पाहून थांबतात. कालावधीचा आकडाही तितकाच पाहावा. दक्षिण हिंदी महासागरातल्या दूरच्या वादळांतून निघालेली लांब लाट आपल्याकडे वारा नसतानाही येते. खोल पाण्यात ती जाणवतही नाही आणि दांड्यावर मात्र अचानक उंच होऊन फुटते. केरळात या लाटांना कल्लक्कडल म्हणतात. उंची मीटरभर पण कालावधी पंधरा सेकंदांच्या पुढे असा अंदाज दिसला, तर त्या दिवशी खाडीच्या आतच गळ टाकावा. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बंदी उठल्यानंतरही पावसाने नदीला लोंढा असेपर्यंत मुखावर जाण्याची घाई करू नये.

वाळूचा दांडा दर पावसाळ्यात सरकतो. गेल्या वर्षीची खोल वाट यंदा तिथेच असेल असे गृहीत धरू नये. जीपीएसवर साठवलेली जुनी वाटही त्याच कारणाने फसवी ठरते. हंगामाच्या सुरुवातीला एखाद्या अमावस्येला किंवा पौर्णिमेला पूर्ण ओहोटीच्या वेळी उंचावरून मुख पाहून घ्यावे. कर्लीसाठी भोगव्याची टेकडी उत्तम आहे. तिथून पाण्याचा रंग स्पष्ट दिसतो, उथळ वाळू पिवळसर आणि खोल वाट गडद. जिथे लाटा सतत फुटतात तिथे वाळू आहे आणि त्यांच्यामधला जो पट्टा न फुटता राहतो, ती वाट आहे. त्या वाटेच्या रेषेत किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा, एक पुढची आणि एक मागची, ध्यानात ठेवाव्यात: एखादे माडाचे झाड आणि त्यामागचा टॉवर, देवळाचा कळस आणि डोंगराची खाच. दोन्ही खुणा एकीमागे एक दिसत राहिल्या, तर होडी वाटेत आहे. त्याच गावातल्या एखाद्या जाणत्या तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) बरोबर घेऊन पहिली फेरी करावी. एका फेरीत तो जे दाखवतो, ते समजायला एरवी आपल्याला दोन हंगाम लागतात.

दांड्याला हात घालण्यापूर्वी, खाडीच्या शांत पाण्यातच, सगळी तयारी पूर्ण करावी. लाइफ जॅकेट प्रत्येकाने अंगात घालून पट्टे आवळलेले असावेत. होडीत ठेवलेले जॅकेट उलटलेल्या होडीखाली जाते. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवावी, म्हणजे तो बाहेर फेकला गेला तरी पंखा फिरत राहणार नाही. गळाच्या दोऱ्या गुंडाळून ठेवाव्यात, जाळे झाकून बांधावे, कारण पाण्यात ओघळलेली एक दोरी पंख्यात गेली की इंजिन नको त्या ठिकाणी बंद पडते. नांगर मात्र नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, मोकळा, हाताशी ठेवावा. इंधन पुरेसे आहे ना आणि टाकीची नळी नीट बसली आहे ना, हे पाहावे. पाणी उपसायला बादली, दोन वल्ही, शिट्टी, वॉटरप्रूफ पिशवीतला मोबाइल आणि पिण्याचे पाणी बरोबर असावे. कुठे जातो आणि किती वाजता परत येणार, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगावे. ठरलेल्या वेळेनंतर तासाभराने त्याने तटरक्षक दलाच्या १५५४ किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ या क्रमांकावर कळवावे, हेही आधीच ठरवून ठेवावे.

बाहेर पडताना दांड्याच्या आतल्या बाजूला थांबून निदान दहा-पंधरा मिनिटे लाटा पाहाव्यात. मोठ्या लाटा गटाने येतात आणि दोन गटांमध्ये पाणी थोडा वेळ निवळते. गटातली शेवटची मोठी लाट फुटून गेली की निघावे. नाळ लाटेला सरळ ठेवावी, वजन होडीच्या मध्यावर थोडे मागे घ्यावे आणि होडी हाताच्या कह्यात राहील इतकाच वेग ठेवावा. लाट चढताना ताकद द्यावी आणि माथ्यावर पोहोचताना कमी करावी, नाहीतर होडी हवेत उडून पलीकडच्या खड्ड्यात आपटते. एकदा फुटत्या लाटांत शिरल्यावर मागे वळण्याचा विचार करू नये. वळताना होडीची कूस लाटेला मिळते आणि तीच उलटण्याची सर्वांत सोपी स्थिती असते.

मासेमारी करताना होडी फुटत्या पाण्याच्या रेषेपासून चांगली दूर, बाहेरच्या खोल बाजूला ठेवावी आणि गळ पांढऱ्या पाण्याच्या कडेला फेकावा. नाळ समुद्राकडे, इंजिन न्यूट्रलमध्ये चालू, आणि एका माणसाची नजर कायम समुद्राकडे असावी. मासा लागला की सगळे त्याच्याकडे वळतात, आणि तेवढ्या वेळात होडी वाऱ्याने किंवा प्रवाहाने दांड्याकडे सरकते. नांगर टाकायचाच असेल, तर तो नाळेवरूनच टाकावा आणि दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडावा. मागच्या बाजूने टाकलेला नांगर इंजिनाची बाजू खाली ओढतो आणि पाणी थेट आत येते.

परतीचा प्रवास बाहेर जाण्याहून अवघड असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बाहेरून पाहताना लाटांच्या फक्त गुळगुळीत पाठी दिसतात. कोसळणारी बाजू पलीकडे असते. त्यामुळे समुद्राकडून दांडा नेहमीच शांत भासतो. माथ्यावरून मागे उडणारे तुषार आणि पाठोपाठ येणारा घुमणारा आवाज, या दोन गोष्टींवरून खरी स्थिती ओळखावी. आत येताना एका लाटेच्या पाठीवर, तिच्या माथ्याच्या थोडे मागे राहावे आणि तिच्याच वेगाने जावे. तिला ओलांडून पुढे गेलो, तर होडी उतारावरून घसरते, नाळ पाण्यात रुतते आणि होडी आडवी फिरते. फार मागे राहिलो, तर पाठची लाट आत येते. इंजिन लाटेच्या वेगाला पुरत नसेल, तर मागच्या बाजूने दोरीला बांधलेली बादली सोडावी. तिच्या ओढीने होडीचा मागचा भाग सरळ राहतो. ही दोरी पंख्यापासून दूर ठेवण्याचे काम एकाच माणसाकडे द्यावे.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रावस चांगले लागत होते म्हणून आम्ही साडेनऊऐवजी साडेअकराला दांड्यापाशी परतलो. बाहेरून पाणी सपाट दिसत होते आणि मी आत शिरण्याच्या तयारीत होतो. बरोबरच्या वयस्क तांडेलाने माझ्या हातातून इंजिनाची दांडी घेतली, नाळ समुद्राकडे वळवली आणि म्हणाला, “आवाज ऐक.” मग तो ऐकू आला, पेंढ्याची गाडी रिकामी करावी तसा, पुन्हा पुन्हा. आम्ही अर्धा किलोमीटर बाहेर नांगर टाकून बसलो. साडेतीनच्या सुमारास पाणी पुन्हा भरू लागले आणि साडेपाचला, दांड्यावर पुरेसे पाणी आल्यावर, आत आलो. सहा तास चार माणसांत एकच बाटली पाणी होते. तेव्हापासून होडीत पाच लिटरचा कॅन असतो, आणि चुकीच्या वेळी पोहोचलो तर बाहेर थांबायचे हे निघतानाच सर्वांना सांगितलेले असते.

इंजिन दांड्याजवळ बंद पडले, तर ते चालू करण्याच्या आधी नांगर टाकावा. होडी उलटलीच, तर तिला धरून राहावे; फायबरची होडी बहुधा तरंगत राहते आणि शोधणाऱ्याला पाण्यातल्या डोक्यापेक्षा ती लवकर दिसते. सुकतीच्या ओढीविरुद्ध किनाऱ्याकडे पोहण्यात दम संपतो. होडीच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये मात्र राहू नये. समुद्राच्या बाजूने धरावे, म्हणजे लाटेने ढकललेली होडी अंगावर येत नाही. सगळे आहेत ना, हे नावे घेऊन मोजावे आणि शिट्टी वाजवत राहावे. आणि सुखरूप आत आल्यावर, होडी बांधण्याच्याही आधी, किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या त्या माणसाला फोन करावा.