बिस्किट जोडणी: २० की ०?

पुस्तकांच्या कपाटाच्या बाजू १८ मिमी प्लायवूडच्या आणि मधला उभा पडदा १२ मिमीचा असल्यामुळे, सगळीकडे एकाच मापाचे बिस्किट (दोन फळ्यांच्या खाचांत बसवून त्या जोडणारी चपटी लाकडी चकती) चालणार नव्हते. २० क्रमांकाचे बिस्किट ५६ मिमी लांब व २३ मिमी रुंद असते. त्याचा निम्मा भाग प्रत्येक फळीत बसत असल्याने खाच सुमारे १२ मिमी खोल जाते, म्हणजेच पातळ पडद्याच्या आरपारच. तिथे मी ० क्रमांक (४७ × १५ मिमी) वापरला. त्याची खाच साधारण ८ मिमीवर थांबते आणि मागे ४ मिमी प्लाय शिल्लक राहते. जाड बाजूंना मात्र २० क्रमांकच दिला, कारण मावेल तिथे मोठे बिस्किट घेणे केव्हाही चांगले.

दर्शनी चौकटीच्या ४५ मिमी पट्टीत २० ची खाच कडेबाहेर डोकावली असती, म्हणून तिथे मी डॉवेल (गोल लाकडी खुंट्या) ठोकले.

बिस्किटे दाबलेल्या बीच लाकडाची असून फेव्हिकॉलमधील पाण्याने फुगतात व खाचेत घट्ट बसतात. त्यामुळे ती हवाबंद डब्यात ठेवावीत, आणि बिस्किटावरचा फुगलेला पृष्ठभाग पूर्ण वाळल्याखेरीज पॉलिश पेपर मुळीच मारू नये, नाहीतर नंतर तिथे बिस्किटाच्या आकाराचा उथळ खळगा उमटतो.