पहिल्यांदाच एकट्याने डोंगर चढताय? या चुका टाळा

एकटं गेलं म्हणून चढ काही जास्त उभा होत नाही. सोबत नसतो तो "अरे थांब, ही वाट दिसत नाही" म्हणणारा माणूस. सह्याद्रीत पहिल्यांदा एकट्याने किंवा एकटीने जाणाऱ्यांच्या बहुतेक चुका यातूनच होतात, दम कमी पडल्यामुळे क्वचितच.

निर्जन डोंगर निवडणं

शांतता हवी म्हणून कोणी जात नाही असा किल्ला शोधला जातो. पहिल्या खेपेला हे नकोच. बारी गावातून कळसूबाईला जा. 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, पण वाट मळलेली, अवघड जागी लोखंडी शिड्या आणि वाटेत माणसं. पावसाळ्यातले शनिवार-रविवार मात्र सोडा. शिड्यांवर रांगा लागतात. हरिश्चंद्रगड करायचाच असेल तर पाचनईकडून. खिरेश्वरहून तोलार खिंडीने गेलात तर कातळटप्पा संपल्यावर पठारावर टेकाडामागून टेकाड आणि वाटांना फुटलेल्या वाटा लागतात. धुक्यात तिथे जाणकारही चुकतात. आणि जिथे जाल तिथे आधी गेलेलं असणं हा कमीपणा नाही. मित्रांबरोबर केलेला किल्लाच एकट्याने पुन्हा करणं सर्वांत शहाणपणाचं.

गावात चुकीचा प्रश्न विचारणं

"मामा, ही वाट वरच जाते ना?" असं विचारलं की उत्तर "हो" येतं, कारण कुठली ना कुठली वाट वर जातेच. "वर जायला वाट कुठून? फाटा कुठे फुटतो? डावं घ्यायचं का उजवं?" असं विचारा. वेळ सांगितली तर ती त्यांच्या पायांची असते, दुप्पट धरा. आणि "एकटाच चाललोय, चारपर्यंत उतरतो" हे कोणाला तरी सांगून निघा, तेही उशिरा नाही, उजाडतानाच. घरी गावाचं नाव, कुठल्या वाटेने जाणार ते आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, एवढं लिहून ठेवा. "ट्रेकला जातोय" एवढ्यावर कोणालाच शोधता येत नाही.

वाट चुकल्यावर पुढे जात राहणं

ढोरवाटा फसव्या असतात. गुरं चरायला जिथे जातात तिथे त्या जातात आणि कारवीच्या दाट झुडपांत विरून जातात. वाट अरुंद व्हायला लागली, फांद्या तोंडावर येऊ लागल्या, बाण किंवा माणसांच्या खुणा दिसेनाशा झाल्या की थांबा. पाणी प्या, पाच मिनिटं बसा आणि जिथे वाटेची खात्री होती त्या जागेपर्यंत मागे या. "थोडं पुढे बघू" हा मोह एकट्याला फार होतो, कारण परत फिरलो तर वेळ वाया गेला असं वाटतं.

त्याहून मोठी चूक म्हणजे ओढा धरून खाली उतरणं. पाणी गावाकडेच जाणार हा हिशेब सह्याद्रीत चालत नाही. हे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेत. सपाटी, मग उभा कडा, पुन्हा सपाटी अशी त्यांची ठेवण. पाणी कड्यावरून उडी मारतं, आपल्याला मारता येत नाही. घळीत दोन टप्पे कसेबसे घसरून उतरलात आणि पुढे धबधब्याचा कडा आला की वर चढणंही जमत नाही. उतरताना मनात एकच प्रश्न ठेवा: हा टप्पा परत चढता येईल का? उत्तर नाही असेल तर उतरू नका.

अडकलातच तर 112 हा आपत्कालीन नंबर लावा. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून तो लागू शकतो. फोन लागला की जागा सोडू नका. सांगितलेल्या ठिकाणी तुम्ही नसलात तर शोध पुन्हा पहिल्यापासून.

परतीची वेळ न ठरवणं

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, पण डोंगराच्या पूर्व अंगाच्या रानात त्याच्या बरंच आधी अंधारतं. म्हणून दुपारची एक वेळ ठरवा. माथा हाताशी आला असला तरी त्या वेळेला फिरायचं. पाण्याचंही तसंच. तीन लिटर घ्या; अर्धं संपलं आणि माथा दूर असेल तर मागे फिरा. नकाशात टाकं आहे म्हणून त्यात पिण्याजोगं पाणी असेलच असं नाही.

मोबाइलची टॉर्च ही टॉर्च नव्हे. हेडलॅम्प घ्या, फोन फ्लाइट मोडवर ठेवा आणि नकाशा घरूनच उतरवून घ्या.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. पायाची नखं कापा, उतारावर कळेल का ते. अत्तर, डिओ लावू नका आणि कड्याखाली धूर करू नका. आग्या मोहोळ उठलं तर हात झाडत बसू नका, तोंड झाकून लांब पळा. पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला तर पलीकडे गाव दिसत असलं तरी पाण्यात शिरू नका. पाऊस थांबला की असे ओढे काही तासांत उतरतात.

खाली आल्यावर भजी खायच्या आधी घरी फोन करा आणि सकाळी ज्यांना सांगून निघालात त्यांनाही तोंड दाखवा, नाहीतर गावातली माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला रानात जातील.